ऐंशी गिल्डरचे बिल

प्रभूठायी प्रिय धर्मग्रामस्थहो,

१९४५ साली दुसरे महायुद्ध संपले आणि नेदरलँड्समधील ॲमस्टरडॅम शहर मुक्त झाले. शहराची ट्राम पुन्हा रुळांवर आली. कचेरीतले जुने हिशेब बाहेर निघाले. त्यांत एक बिल थकलेले होते : ८० गिल्डर. गिल्डर म्हणजे त्या देशाचे त्या वेळचे चलन. ट्रामच्या कारभाऱ्यांनी ती थकबाकी वसूल करण्याचा प्रयत्न सुरू केला.

वरवर पाहता यात गैर काय? काम केले, पैसे राहिले, म्हणून मागितले. कोणताही प्रामाणिक कारकून हेच करील. पण ते काम कोणते होते हे कळले म्हणजे अंगावर काटा येतो. शहरातल्या ज्यू कुटुंबांना रेल्वे स्टेशनवर पोहोचवण्याचे ते बिल होते. त्या स्टेशनवरून ती माणसे मृत्युछावण्यांकडे गेली. नेणारे सरकार उलथून पडले, नेलेली माणसे राख झाली. मागे राहिले ते बिल, आणि ते वसूल करू पाहणारी कचेरी.

या बिलाविषयी आज आम्ही आपल्याशी बोलणार आहोत. कारण त्यात एक प्रश्न दडलेला आहे आणि तो कोणत्याही एका देशाचा नाही. पापाचा छोटासा तुकडाच आपल्या हातून झाला, तर आपली जबाबदारीही तेवढीच छोटी होते काय?

आधी हकिगत नीट समजून घेऊ. हिटलरच्या सैन्याने मे १९४० मध्ये नेदरलँड्सवर हल्ला केला आणि अवघ्या पाच दिवसांत तो देश नमवला. तेथे तेव्हा सुमारे १,४०,००० ज्यू राहत होते. त्यांतले निम्म्याहून अधिक एकट्या ॲमस्टरडॅममध्ये. ज्यू म्हटले की आपल्यापैकी अनेकांना फक्त बायबलमधले यहुदी आठवतात. पण अलिबाग-पेणकडचे, मराठी बोलणारे आपले बेने इस्रायल बांधवही ज्यूच आहेत. ॲमस्टरडॅमचे ज्यू तसेच त्या शहराचे होते. कोणी हिऱ्यांना पैलू पाडणारा, कोणी भाजी विकणारा, कोणी शाळामास्तर. त्याच ट्रामने रोज कामाला जाणारी माणसे.

बंधने एकदम आली नाहीत. एकेक करून आली. बागेत बसायचे नाही. सिनेमाला जायचे नाही. कपड्यावर पिवळा तारा शिवायचा. १९४२ च्या जून महिनाअखेरीस हुकूम निघाला की ज्यूंनी ट्रामने वा रेल्वेने प्रवास करायचा नाही आणि सायकलही वापरायची नाही. पुढच्याच महिन्यात त्यांना पूर्वेकडे पाठवणे सुरू झाले. कामासाठी नेत आहोत, असे सांगितले जाई. शहरातून स्टेशनपर्यंत नगरपालिकेची ट्राम; स्टेशनपासून वेस्टरबोर्कच्या छावणीपर्यंत आणि तेथून देशाच्या सरहद्दीपर्यंत डच रेल्वे; पुढे पोलंडमधल्या ऑशविट्झ आणि सोबिबोरपर्यंत जर्मन रेल्वे. ज्या ट्राममध्ये पाऊल ठेवणे हा ज्यूंसाठी गुन्हा ठरला होता, तीच ट्राम आता त्यांच्यासाठी खास सोडली जात होती. प्रवास मात्र एकाच दिशेचा होता.

त्या ट्रामने सुमारे ४८,००० माणसे नेली आणि त्याबद्दल जर्मन अधिकाऱ्यांकडून सुमारे ९,००० गिल्डर आकारले. हिशेब केला तर माणशी २० सेंटही पडत नाहीत. नेदरलँड्समधून एकूण सुमारे १,०७,००० ज्यू पाठवले गेले. जेमतेम ५,००० परतले.

असे फक्त एकाच शहरात घडले, असे कोणी समजू नये. पॅरिसमध्ये १६ आणि १७ जुलै १९४२ या दोन दिवसांत फ्रेंच पोलिसांनी सुमारे १३,००० ज्यूंना पकडले. त्यांत ४,००० हून अधिक लहान मुले होती. त्यांना गोळा करून नेले ते पॅरिसच्या नेहमीच्या सिटी बसगाड्यांतून. जर्मन रेल्वेने तर या प्रवासाचे रीतसर दरपत्रक लावले होते. तिसऱ्या वर्गाचे एकेरी भाडे, दर किलोमीटरला ४ फेनिग. दहा वर्षांखालील मुलांना अर्धे तिकीट, चार वर्षांखालील मुले फुकट. चारशेहून अधिक माणसे असली तर गट म्हणून निम्मा दर. पहारेकऱ्यांसाठी मात्र परतीचे तिकीट. माणसे कोंबली जात गुरांच्या आणि मालाच्या डब्यांत, भाडे लागे तिसऱ्या वर्गाचे. आणि ते पैसेही पुष्कळदा ज्यूंच्याच जप्त मालमत्तेतून भरले जात.

प्रिय बंधुभगिनींनो, या दरपत्रकात द्वेषाचा एक शब्द नाही. ते तयार करणारा माणूस कदाचित आपल्या मुलांवर प्रेम करणारा, वेळेवर कामाला येणारा, लाच न घेणारा असेल. हीच गोष्ट आम्हांला सर्वांत भयंकर वाटते. सैतान नेहमी डोळे वटारून येतो, अशी आपली समजूत असते. इथे तो वेळापत्रक, पावती आणि रबरी शिक्का घेऊन आला.

ॲडॉल्फ आइकमन हा जर्मन अधिकारी या सगळ्या वाहतुकीची जुळवाजुळव करीत असे. १९६१ साली जेरुसलेममध्ये त्याच्यावर खटला चालला आणि १९६२ मध्ये त्याला फाशी झाली. त्याचा बचाव असा होता की, आपण स्वतः कोणाला मारले नाही, वरून आलेल्या हुकमांचे पालन केले. खटल्याला हजर राहिलेल्या हॅना आरेन्ट या तत्त्वज्ञ बाईंनी १९६३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. आइकमन कोणी राक्षस नव्हता, स्वतः विचार करणे त्याने थांबवले होते, असे त्यांचे निरीक्षण होते. आइकमनबद्दल ते पूर्ण खरे आहे की नाही यावर पंडितांनी पुष्कळ वाद घातला आहे. परंतु विचार थांबवलेली माणसे मोठ्या संख्येने हाताशी असल्याशिवाय आइकमनचे काम झाले नसते, यात मात्र वाद नाही. कारकुनाने यादी केली. पोलिसाने दार ठोठावले. चालकाने ट्राम हाकली. स्टेशनमास्तरने हिरवा बावटा दाखवला. प्रत्येकाजवळ उत्तर तयार : मी फक्त एवढेच केले.

सेमिनरीत आम्हांला नीतिशास्त्र शिकवताना एका नोकराचे उदाहरण देत. धनी रात्री परक्याच्या घरात दुष्ट हेतूने चढतो आहे आणि शिडी धरायला नोकराला सांगतो. नोकराला त्या दुष्कर्मात रस नाही. नोकरी जाईल एवढीच भीती आहे. तो निर्दोष का? काही शिक्षक म्हणत की अशा नोकराला महापाप लागत नाही. पोप इनोसंट अकरावे यांनी १६७९ साली ते मत नाकारले. पुढे संत अल्फोन्सस लिगोरी यांनी या विषयाचा बारकाईने विचार केला. तेव्हापासून ख्रिस्तसभेचे शिक्षक दोन प्रकारचे सहकार्य सांगतात. एक मनाचे : दुसऱ्याचे पाप आपल्यालाही हवेसे असते. दुसरे नुसते हातांचे : मन नको म्हणते पण हात मदत करतात. मनाचे सहकार्य कधीच क्षम्य नाही. हातांच्या सहकार्यात मात्र तारतम्य पाहावे लागते. माझा हात त्या पापाच्या किती जवळ आहे? माझ्यावाचून ते अडले असते का? होणारे नुकसान केवढे? नकार दिला तर माझ्यावर काय ओढवेल? त्यातून मला काही मिळते का?

ही मोजपट्टी ट्रामचालकाला लावून पाहू. घाईने न्याय करणे बरे नाही. परक्या सैन्याचे राज्य होते. घरी बायकामुले होती. वायुकोठड्यांची त्याला कल्पना नव्हती. कामाच्या छावणीत नेतात, एवढेच कानावर आलेले. हे सगळे त्याच्या बाजूचे आहे आणि ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. परंतु दुसऱ्या बाजूला त्याचे स्वतःचे डोळे आहेत. ट्राममध्ये चढणारी म्हातारी त्याला दिसत होती. आईच्या कडेवरचे तान्हे मूल दिसत होते. तान्ह्या मुलाला कोणत्या कामाला नेतात? सगळे ठाऊक नसणे वेगळे आणि दिसते त्याचा अर्थ लावायचा नाही असे ठरवणे वेगळे. पहिले अज्ञान आहे. दुसऱ्याला अज्ञान म्हणता येत नाही.

आणि जो बिल करीत होता त्याचे काय? चालकाच्या मागे पोलीस उभा होता, हे मान्य. पण युद्ध संपल्यावर, जर्मन निघून गेल्यावर, त्या ८० गिल्डरांसाठी तगादा लावायला कोणी बंदूक रोखली नव्हती. भीती गेली तरी सवय उरली. भीतीने केलेल्या कामाची लाज वाटायला हवी होती, तिथे येणे बाकी दिसले. सद्‌सद्‌विवेकबुद्धी अशी हळूहळू बधिर होते.

या गोष्टीला आणखी एक बाजू आहे आणि ती सांगितल्यावाचून आम्ही पुढे गेलो तर ॲमस्टरडॅमच्या लोकांवर अन्याय होईल. फेब्रुवारी १९४१ मध्ये जर्मनांनी त्या शहरात चारशेहून अधिक ज्यू तरुणांना रस्त्यावरून पकडून नेले. तेव्हा २५ फेब्रुवारीला शहराने संप पुकारला. ज्यूंच्या छळाविरुद्ध सामान्य कामगारांनी केलेला असा उघड संप त्या काळच्या युरोपात विरळाच. आणि त्या दिवशी सकाळी आघाडीवर कोण होते? ट्रामचे कामगार. ट्राम बाहेर पडली नाही म्हणून शहराला कळले की आज काहीतरी वेगळे घडते आहे. गोदीकामगार आणि कारखान्यांतले लोक कामे टाकून बाहेर आले. दोन दिवसांत जर्मनांनी गोळीबार करून, धरपकड करून संप मोडला.

म्हणजे ज्या डेपोतून १९४१ साली गाड्या निघाल्या नाहीत, त्याच ट्रामच्या गाड्या १९४२ साली निघाल्या. माणसे तीच, शहर तेच. मधल्या सुमारे दीड वर्षात काय झाले? धाक बसला, हे तर खरेच. पण आणखीही काही झाले. पहिला अन्याय धक्का देतो, दुसरा खुपतो, दहावा नियम होऊन बसतो. बाग, सिनेमा, तारा, ट्राम : प्रत्येक पायरी मागच्या पायरीपेक्षा थोडीशीच खाली होती. म्हणून आम्हांला वाटते, नकार देण्याची योग्य वेळ शेवटच्या पायरीवर येत नाही. ती पहिल्या पायरीवर असते. शेवटच्या पायरीपर्यंत पाय थकलेले असतात आणि आपण एकटे पडलेले असतो.

डच रेल्वे कामगारांनीही पुढे संप केला, १७ सप्टेंबर १९४४ रोजी. लंडनमध्ये आश्रयाला असलेल्या डच सरकारने दोस्त सैन्याच्या मदतीसाठी तो करायला सांगितला होता. सुमारे ३०,००० कामगारांनी कामे सोडली. तो धाडसी होता, यात शंका नाही. पण वेस्टरबोर्कहून ज्यूंची शेवटची गाडी त्याच्या चार दिवस आधीच निघून गेली होती.

नकाराचे परिणाम नेहमी गोड असतात, असेही आम्ही सांगणार नाही. तसे सांगणे खोटे होईल. २६ जुलै १९४२ च्या रविवारी नेदरलँड्सच्या कॅथलिक चर्चमधून बिशपांचे मेषपालीय पत्र वाचले गेले. आर्चबिशप योहानेस डी योंग आणि त्यांच्या सोबतच्या बिशपांनी ज्यूंना हद्दपार करण्याचा उघड निषेध केला होता. जर्मनांनी सूड घेतला. २ ऑगस्टला ज्यू वंशाच्या कॅथलिकांना पकडण्यात आले. त्यांत एख्त येथील कार्मेल मठातल्या सिस्टर तेरेसा बेनेडिक्टा होत्या, म्हणजेच तत्त्वज्ञ एडिथ स्टाईन, आणि त्यांची बहीण रोझा. दोघींना वेस्टरबोर्कमार्गे ऑशविट्झला नेले आणि ९ ऑगस्टला ठार मारले. १९९८ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी एडिथ स्टाईन यांना संतपद दिले. त्यांचा सण आपण ९ ऑगस्टला पाळतो.

मग ते पत्र वाचायला नको होते का? हा प्रश्न कित्येकांनी विचारला आहे. आमचे उत्तर नम्रपणे असे आहे. सूडाचे पाप सूड घेणाऱ्याच्या माथी जाते, सत्य बोलणाऱ्याच्या नव्हे. आणि ज्या चर्चमध्ये ते पत्र वाचले गेले, तिथे बसलेल्या प्रत्येक पोलिसाला, कारकुनाला, चालकाला त्या दिवसापासून 'मला कोणी सांगितले नाही' असे म्हणायची सोय उरली नाही. बोलण्याने सगळ्यांचे प्राण वाचतीलच असे नाही. पण आपण गप्प राहिलो म्हणजे पुढची ट्राम अधिक निर्वेधपणे निघते.

एकट्याने नकार दिल्याचीही उदाहरणे आहेत. फ्रान्समध्ये मोंतोबाँ येथे ३१ ऑक्टोबर १९४२ रोजी लेओं ब्रोंशार नावाच्या इंजिनचालकाला कळले की आपल्या गाडीत राजकीय कैदी आहेत. तो इंजिनावरून खाली उतरला आणि ती गाडी हाकायला त्याने नकार दिला. याच माणसाने ज्यूंनाही आसरा दिला. पुढे पकडला गेला, छावणीत डांबला गेला; पण युद्धातून वाचला.

ब्रोंशारची गोष्ट वाचताना आम्हांला निर्गमच्या पुस्तकातल्या दोन सुइणी आठवतात. शिप्रा आणि पुवा. फारोने त्यांना हुकूम दिला की इब्री बायकांना मुलगा झाला तर त्याला जन्मताच मारून टाका. त्या दोघींजवळ सैन्य नव्हते, सत्ता नव्हती. त्यांच्याजवळ होता फक्त आपला धंदा : बाळंतपण करण्याचा. त्यांनी देवाचे भय धरले आणि तो धंदा मारण्यासाठी वापरू दिला नाही. गंमत पाहा, बायबलने त्या फारोचे नाव लिहून ठेवलेले नाही. या दोन सुइणींची नावे मात्र ठेवली आहेत. सुईण जगात जीव आणण्यासाठी असते. ट्राम माणसाला घरी, कामावर, आप्तांकडे पोहोचवण्यासाठी असते. आपले काम कशासाठी आहे हे ज्याला नीट ठाऊक असते, त्याला ते कोणत्या दिवशी थांबवायचे हेही कळते.

आता राहिला प्रश्न भरपाईचा. चालक गेले, कारकून गेले. संस्था मात्र राहिल्या. डच रेल्वेने २००५ साली जाहीर माफी मागितली. ज्यांचे आईवडील त्या गाड्यांतून गेले होते अशा सालो मुलर यांनी चिकाटीने पाठपुरावा केला, तेव्हा २०१८ मध्ये रेल्वेने वाचलेल्यांना आणि वारसांना वैयक्तिक भरपाई देण्याचे मान्य केले. एप्रिल २०२५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या महापौर फेम्के हाल्सेमा यांनी शहराच्या वतीने क्षमा मागितली. आपली ख्रिस्तसभाही यातून सुटलेली नाही. ३० सप्टेंबर १९९७ रोजी फ्रान्सच्या बिशपांनी द्रांसी येथे, जिथून ज्यूंच्या गाड्या सुटत, त्या काळच्या आपल्या मौनाबद्दल देवाकडे आणि ज्यू समाजाकडे क्षमायाचना केली.

काही जण विचारतील, आजोबांच्या पापाची क्षमा नातवाने का मागायची? दुसऱ्याचे पाप आपल्याला कबूल करता येत नाही, हे बरोबर. परंतु जो डेपो, जे रूळ, जे नाव आपल्याला वारशाने मिळते, त्यावरचे कर्जही त्याच वारशात येते. पापनिवेदनाला येताना आपण लहानपणी शिकलेले आठवा : पश्चात्ताप, कबुली आणि नुकसानभरपाई. नुसत्या पश्चात्तापाने चोरलेले परत जात नाही. संस्थांनाही हाच मार्ग आहे आणि तो त्यांना साठ, सत्तर, ऐंशी वर्षांनी चालावा लागला. उशीर झाला म्हणून तो चुकीचा ठरत नाही. पण ज्यांनी तो पाहायला हवा होता त्यांतले बहुतेक तोवर देवाघरी गेले, एवढे मात्र खरे.

आपल्या धर्मग्रामात रेल्वेत, बसमध्ये, बँकेत, पालिकेत, शाळेत, इस्पितळात नोकरी करणारे पुष्कळ आहेत. हुकमाप्रमाणे काम करणे हा सद्गुण आहे आणि तो आपण मुलांना शिकवतो. योहान बाप्तिस्ताकडे जकातदार आणि शिपाई आले, काय करू म्हणून विचारू लागले, तेव्हा त्याने त्यांना नोकरी सोडायला सांगितले नाही. त्या नोकरीत कोणावर अन्याय करू नका, असे सांगितले. आपल्या वाट्याला ॲमस्टरडॅमसारखी वेळ, देव करो, कधी न येवो. पण छोट्या शिड्या आपल्यालाही धरायला सांगितल्या जातात. खोट्या कागदावर सही. गरिबाची फाईल मुद्दाम खाली ठेवणे. कोणाला तरी यादीतून वगळणे. तेव्हा पिलातासारखे हात धुवून मोकळे होण्याचा मोह होतो. पिलाताने हात धुतले खरे. पण विश्वासांगीकार म्हणताना दर रविवारी आपण त्याचे नाव घेतोच.

म्हणून या आठवड्यात विवेकपरीक्षण करताना स्वतःला तीन प्रश्न विचारू या. मी जे काम करतो ते कोणासाठी आहे? त्या कामाच्या दुसऱ्या टोकाला उभा असलेला माणूस मला दिसतो का? आणि कधी नकार द्यायची वेळ आली, तर माझ्या शेजारी उभे राहील असे कोणी मी आजच जोडून ठेवले आहे का? तिसरा प्रश्न विसरू नका. १९४१ साली ट्राम थांबली, कारण त्या सकाळी एकाही चालकाला एकट्याने थांबावे लागले नाही.

ऑशविट्झला नेलेल्या सर्वांसाठी, आणि ज्यांनी त्यांना तिथवर पोहोचवले त्यांच्यासाठीही, या रविवारच्या मिस्सामध्ये आपण प्रार्थना करू. प्रभू आपणां सर्वांना पाहणारे डोळे आणि जागी सद्‌सद्‌विवेकबुद्धी देवो.

प्रभूच्या सेवेत आपले,
प्रमुख धर्मगुरू